जुने पिंप, नवे पाणी : प्लास्टिकची भांडी माशांसाठी निर्धोक कशी होतात?

दोनशे लिटरचे, दोन बुचांचे निळे पिंप महाराष्ट्रात कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळते. मधोमध कापले की दोन टोपली होतात, उभे चिरले की गुरांची गव्हाण होते आणि तोंड मोठे केले की मासे पाळायचा हौद होतो. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी, परसातले चार-दोन चिलापी, विक्रीसाठी वाढवायची शोभेच्या माशांची पिल्ले, सगळे त्यात सुखाने नांदतात. पिंप गंजत नाही, फुटत नाही, काचेच्या टाकीच्या मानाने फुकटातच पडते. परंतु नीट घासून-पुसून ठेवलेल्या अशाच पिंपात सोडलेले मासे दुसऱ्या दिवशी सकाळी पोट वर करून तरंगताना दिसतात, हेही मासे पाळणाऱ्यांना नवे नाही. पाणी नितळ असते, पिंप चकचकीत असते, वासही फारसा नसतो. मग मासे कशाने मेले?

याचे उत्तर भांडे घासण्यात कमी आणि भांडे निवडण्यात जास्त आहे. जुन्या भांड्यात चार प्रकारची घाण असू शकते : पृष्ठभागावर चिकटलेला मळ, पाण्यातल्या क्षारांचे पांढरे थर, रोगजंतू आणि प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेली रसायने. पहिल्या तिन्हींवर प्रत्येकी वेगळा आणि खात्रीचा इलाज आहे. चौथीवर घरगुती इलाज नाही.

कल्ल्यांपुढे लपत नाही

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर जगायचे तर सतत भरपूर पाणी कल्ल्यांवरून वाहते ठेवावे लागते आणि त्यातला प्राणवायू शोषून घ्यायला पडदाही अतिशय पातळ लागतो. माशाच्या कल्ल्यात रक्त आणि पाणी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच भिंत असते. शिवाय रक्त आणि पाणी तिथे एकमेकांच्या उलट दिशेने वाहतात. त्यामुळे काही जातींचे मासे आलेल्या पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात.

हीच रचना त्यांच्या जिवावर उठते. प्राणवायू ज्या सहजतेने आत जातो, त्याच सहजतेने पाण्यात विरघळलेली अनेक विषेही आत जातात. माणूस पाणी घोटाघोटाने पितो. ते पचनमार्गातून, यकृताच्या चौकीवरून पुढे जाते. मासा मात्र त्याच पाण्यात अहोरात्र श्वास घेतो.

म्हणून आपल्याला चालणारे पाणी माशाला चालेलच असे नाही. भारतीय पेयजल मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अल्पकाळ सोसवेल अशी मर्यादा ०.०१९ मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे आपल्या पिण्याच्या पाण्यातला कमीत कमी क्लोरीनही त्या मर्यादेच्या दहापट आहे.

धातूंचेही तसेच. तांब्याच्या घंगाळातले पाणी आपण पवित्र मानतो, पण मऊ पाण्यात लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम तांबेसुद्धा माशांच्या कल्ल्यांना इजा करते. जस्ती पत्र्याच्या बादलीतून उतरणारे जस्तही त्यांना सोसत नाही. प्लास्टिक माशांसाठी वरदान ठरले ते यामुळे : त्यातून धातू उतरत नाही. मात्र ते पूर्णपणे निर्विकार असते, हा समज खरा नाही.

मेणासारखे प्लास्टिक

निळे पिंप बहुधा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे, म्हणजे एचडीपीईचे असते. पॉलिएथिलीनचा शोध अपघाताने लागला. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधल्या विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवी ती प्रक्रिया झाली नाही, पण पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबात घट्ट, कणखर पॉलिएथिलीन बनवण्याची रीत शोधली. त्यांना आणि इटलीच्या जुलिओ नात्ता यांना १९६३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पात्रातला पदार्थ मेणासारखा होता, ही बाब इथे महत्त्वाची आहे. पॉलिएथिलीन रसायनदृष्ट्या मेणाचेच लांबलचक भावंड आहे. पाणी, मीठ, आम्ले यांना ते जवळजवळ आत घेत नाही. तेले, द्रावके, सुगंधी द्रव्ये आणि तेलात विरघळणारी कीटकनाशके यांना मात्र ते आपल्यात मुरू देते. याचा पुरावा प्रत्येक मराठी घरात आहे. प्लास्टिकच्या डब्यात रस्सा ठेवला की डबा पिवळा होतो आणि कितीही घासला तरी पिवळाच राहतो. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. तेलाबरोबर ते प्लास्टिकमध्ये शिरते. तो डाग पृष्ठभागावर नसतो, म्हणून घासणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हळद पिवळी आहे म्हणून आपल्याला दिसते. कीटकनाशकाला रंग असतोच असे नाही.

प्लास्टिकच्या या गुणाचा शास्त्रज्ञांनी मोठ्या चतुराईने उपयोग करून घेतला आहे. नदी-समुद्रात पॉलिएथिलीनच्या पट्ट्या काही आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यात अत्यल्प असलेली प्रदूषके त्या पट्ट्यांत साठतात आणि मग प्रयोगशाळेत मोजता येतात. टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवून दिले की समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांत पीसीबीसारखी प्रदूषके आसपासच्या पाण्याच्या लाख ते दहा लाख पट साठू शकतात. २००५ पासून ते जगभरच्या लोकांकडून किनाऱ्यावरच्या गोळ्या मागवून समुद्रातल्या प्रदूषणाचा नकाशा तयार करू लागले.

समुद्रात प्लास्टिक विष शोषते. पिंपात तेच उलट दिशेने घडते. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेला विसरणाचा नियम सांगतो की पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकतो. वर्षभर कीटकनाशक भरलेल्या पिंपाच्या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ते सावकाश मुरते. पिंप रिकामे करून धुतले की आतल्या बाजूचा पातळ थर निघून जातो. मग ताजे पाणी भरले की भिंतीच्या खोलीतला साठा तितक्याच सावकाशीने पाण्याकडे सरकू लागतो. धुतल्या दिवशी केलेल्या परीक्षेत पाणी ठीक निघाले, तरी पंधरा दिवसांनी ते ठीक असेल असे नाही.

किती विष पुरते? सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइड जातीच्या कीटकनाशकांचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम बऱ्याच माशांना मारक ठरतात. सस्तन प्राण्यांसारखे ती झटपट मोडून टाकणे माशांना जमत नाही. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम धरले तर २०० लिटरच्या पिंपाला एकूण १ मिलिग्रॅम पुरे झाले. साखरेचे एक-दोन दाणे वजनाला तेवढे भरतात. म्हणून कीटकनाशक, तणनाशक, रंग, थिनर, इंजिन ऑइल किंवा अज्ञात रसायनाचे पिंप माशांसाठी बाद, हा नियम अपवादाशिवाय पाळावा लागतो.

पिंपाचे कुळ वाचावे

पिंपाच्या अंगावर बरेच काही लिहिलेले असते. तळाशी किंवा कुशीला त्रिकोणी बाणांत एक अंक असतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केलेली ही खूण आहे. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीची सगळी. माशांसाठी २ आणि ५ उत्तम, १ आणि ४ चालतात. ३ टाळावे, पीव्हीसीत मऊपणासाठी आणि टिकाऊपणासाठी इतर द्रव्ये मिसळावी लागतात आणि जुन्या मालात शिशाची संयुगेही असत.

अंक पुसला गेला असेल तर काठाचा एक छोटा कपटा तासून पाण्याच्या वाटीत टाकावा. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात. पीव्हीसी, पेट, पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. कपट्याला हवेचा बुडबुडा चिकटून फसगत होऊ नये म्हणून तो बोटाने एकदा बुडवून सोडायचा.

हा अंक प्लास्टिकची जात सांगतो. पिंपात काय भरले होते ते सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात. पेला आणि काटाचमचा ही खूण असेल तर माल खाद्यपदार्थांसाठी बनवलेला होता. वर्तुळातल्या संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हापुढे १एच१ किंवा १एच२ असे कोरलेले असेल तर पिंप धोकादायक माल वाहण्यासाठी प्रमाणित आहे. अशा पिंपात खाद्यपदार्थही भरला जाऊ शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. लेबलवरचा चार अंकी क्रमांक मात्र सरळ बोलतो : १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, १८२४ म्हणजे कॉस्टिक सोड्याचे द्रावण, १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. घड्याळासारखी गोल चकती आणि तिच्यात बाण दिसला तर तो उत्पादनाचा महिना आणि साल दाखवतो. धोकादायक मालासाठी प्लास्टिकची पिंपे साधारणपणे बनवल्यापासून पाच वर्षेच वापरता येतात. भंगारात येणाऱ्या बऱ्याच पिंपांचे मूळ तिथे आहे.

शेतकऱ्यांच्या ओळखीची खूण म्हणजे कीटकनाशकाच्या कॅनवरचा रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. ही प्रतवारी माणसासारख्या प्राण्यांना होणारा धोका पाहून केलेली आहे. माशांच्या बाबतीत हिरव्या त्रिकोणालाही सौम्य मानू नये.

कायदाही या बाबतीत कडक आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे आणि डबे यांची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे ती भंगार नसून घातक कचरा आहेत. याचे गांभीर्य बिहारमधल्या सारण जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. जुलै २०१३ मध्ये तिथल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले आणि तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला.

मग घ्यावे कोणते पिंप? लोणच्याचे, काकडीच्या खारवलेल्या मालाचे, व्हिनेगरचे, द्रव ग्लुकोजचे, काकवीचे, खाद्यतेलाचे. शक्य असेल तर ते भंगारवाल्याच्या ढिगातून न घेता थेट लोणची-मुरांबे करणाऱ्या कारखान्यातून किंवा मिठाईवाल्याकडून घ्यावे, कारण तिथे आत काय होते हे सांगणारा माणूस समोर असतो. घराच्या रंगाची बादली अनेकांना मोहात पाडते. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातही बुरशी येऊ नये म्हणून जंतुनाशके घातलेली असतात, तेव्हा तिला फुलझाडांच्या कामाला लावावे.

चुकीचा साबण

भांड्याची जात आणि धुण्याचे द्रव्य यांचा मेळ बसला नाही तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण माशांचे नसून उंदरांचे आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या अंडपेशींचा अभ्यास करत होत्या. ज्या निरोगी उंदरांत गुणसूत्रांचे दोष एक-दोन टक्के अंडपेशींत दिसायचे, त्यांच्यात ते एकाएकी ४० टक्क्यांवर गेले. शोध घेता घेता धागा पिंजऱ्यांपर्यंत पोहोचला. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या द्रव्याऐवजी फरशी धुण्याच्या तीव्र अल्कधर्मी द्रव्याने धुतल्या गेल्या होत्या. त्याने प्लास्टिकचा पृष्ठभाग खाल्ला आणि बिस्फेनॉल-ए हे संप्रेरकासारखे वागणारे रसायन बाहेर पडू लागले. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बिस्फेनॉलवर जगभर चर्चा सुरू झाली. एचडीपीईला अल्कधर्मी द्रव्याचा त्रास होत नाही. पण ७ अंकाखाली येणारे पाण्याचे जुने कडक जार अनेकदा पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यांच्यावर धुण्याच्या सोड्याचा प्रयोग करू नये.

माशांच्या बाबतीत साबणाचा धोका आणखी थेट आहे. साबण आणि डिटर्जंट पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. मळ निघतो तो त्यामुळेच. माशाच्या अंगावर आणि कल्ल्यांवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. डिटर्जंट तो उतरवतो आणि कल्ल्यांच्या पेशींची आवरणे फाडतो. कपडे धुण्याच्या पावडरीतले एक प्रमुख द्रव्य लिटरमागे १ ते १० मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही बऱ्याच माशांना मारक ठरते. २०० लिटरच्या पिंपात असे एक ग्रॅम द्रव्य उरले तरी प्रमाण ५ मिलिग्रॅम होते. फिनाईल आणि सुगंधी फरशी-क्लीनर यांना तर पिंपाच्या आसपासही आणू नये.

मग ‘नैसर्गिक’ म्हणून रिठा वापरावा का? मुळीच नाही. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेस सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो आणि सॅपोनिन हे माशांचे जुने, नावाजलेले विष आहे. सॅपोनिन असलेली फळे आणि साली ठेचून डोहात टाकायच्या आणि वर आलेले मासे गोळा करायचे, ही रीत अनेक वनवासी समाजांना पूर्वापार माहीत आहे. कोकणातले गेळाफळ त्याच कामाचे. आधुनिक मत्स्यशेतीतही तळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारायला हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिच्यातले काम करणारे द्रव्य सॅपोनिनच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडते. माणसाच्या आतड्यातून ते फारसे शोषले जात नसल्याने असे मासे खाता येतात.

तेव्हा शक्य तिथे साबणाविनाच धुवावे. कोरडा मळ काथ्याच्या ब्रशने किंवा जुन्या सुती फडक्याने काढावा. वास आणि बुळबुळीतपणा खडे मीठ चोळून जातो आणि मीठ राहिले तरी माशाचे बिघडत नाही. तेलकटपणाला कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. तारेची घासणी कटाक्षाने टाळावी. तिने पडलेल्या बारीक चरांत जंतू ठाण मांडतात आणि मग कोणताही ब्रश तिथवर पोहोचत नाही. पेट बाटल्यांना कडकडीत पाणी दाखवू नये; ७० अंशांच्या पुढे त्या आक्रसतात.

तीन वेळा थोडे, एकदा पुष्कळ नव्हे

खळबळून धुण्यात एक सुंदर गणित दडलेले आहे. समजा, पिंप उलटे करून निथळले तरी कडाकोपऱ्यांत २०० मिलिलिटर सोडामिश्रित पाणी उरते. आपल्याकडे खळबळायला ३० लिटर पाणी आहे. ते एकदम ओतले, हलवले आणि फेकले तर उरलेले द्रव्य सुमारे १५० पट पातळ होते. तेच ३० लिटर पाणी दहा-दहा लिटर असे तीनदा वापरले आणि दर वेळी पिंप पुरते निथळले, तर प्रत्येक धुण्याला ५१ पट याप्रमाणे एकूण १ लाख ३२ हजार पट पातळ होते. पाणी तेवढेच, फरक जवळजवळ नऊशे पटींचा. कीटकनाशकाचे डबे टाकून देण्यापूर्वी तीनदा धुवावेत असे जगभर सांगतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

पिंप दर वेळी आडवे करून लोळवावे, म्हणजे खांद्याखालची खाच धुतली जाते. बुचांचे आटे दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावेत. रबराची चकती काढून नवी बसवावी, कारण रबर पॉलिएथिलीनपेक्षा जास्त मुरवून घेते. हजार लिटरच्या जाळीदार टाकीला तळाशी चावी असते. जुना माल हमखास तिच्या पोकळीत साठलेला असतो, म्हणून ती सोडवून धुवावी.

खाद्यपदार्थाचे पिंप म्हणून निष्काळजीपणा करायचा नाही, याचाही हिशेब मांडता येतो. दोनशे लिटर पाण्यात सुमारे १.६ ग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक ग्रॅम ग्लुकोज जिवाणूंनी पुरते फस्त केले तर त्यांना १.०७ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे कोपऱ्यात चिकटलेले दीड ग्रॅम ग्लुकोज सगळ्या पिंपातला प्राणवायू संपवू शकते. हवेतून नवा प्राणवायू येत राहतो हे खरे, पण गरमीच्या रात्री ही शर्यत जिवाणू जिंकतात. काकवीच्या पिंपात पाणी दुसऱ्या दिवशी दुधाळ दिसले तर समजावे की धुणे अपुरे झाले. तेलाचा तवंग तर वरूनच झाकण घालतो.

पांढरे क्षारथर व्हिनेगरने विरघळतात. त्यानंतर तीनदा खळबळल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नये, कारण पुढची पायरी क्लोरीनची आहे आणि आम्ल व क्लोरीनचे द्रावण एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टीसीएल आणि हायपो

ग्रामपंचायतीची विहीर ज्या टीसीएल पावडरीने शुद्ध करतात तीच इथेही उपयोगी पडते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये पेटंट घेतलेली ही ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे एक-तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असतो. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीत तो बराच उडून गेलेला असतो.

मत्स्यबीज केंद्रांत साहित्य निर्जंतुक करायला लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोरीनचे द्रावण तासभर लावून ठेवतात. दहा लिटर पाण्याला ताजी पावडर ६ ग्रॅम पुरते. ती प्लास्टिकच्या बादलीत ढवळून चुन्यासारखा गाळ बसू द्यावा आणि वरची निवळी घ्यावी. तासभर भिंती ओल्या राहतील असे हे द्रावण फडक्याने फिरवत राहावे. हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावे. मळ आधी निघालेला असायला हवा. नाहीतर क्लोरीन मळातच खर्ची पडतो आणि जंतू सुखरूप राहतात.

काही जंतू याही पलीकडचे असतात. माशांना क्षय आणि माणसाच्या हातावर न बरी होणारी गाठ आणणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू मेणचट कवचामुळे क्लोरीनला फारशी दाद देत नाही. त्याला ७० टक्के अल्कोहोल लागते. ज्या टाकीत मासे खंगून मेले, तिचे प्लास्टिक पुन्हा वापरण्याचा मोह टाळलेला बरा. हातावर जखम असेल तर उघड्या हाताने टाकी धुऊ नये.

आता या क्लोरीनलाच घालवायचे. शोभेच्या माशांच्या दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे स्फटिक म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीतला ‘हायपो’ तो हाच. एक भाग क्लोरीन निष्प्रभ करायला साधारण सात भाग हायपो लागतो. वरच्या दहा लिटर द्रावणाला १४ ग्रॅम. नळाचे पाणी भरतानाही हाच उपाय. नुसते एक-दोन दिवस उघडे ठेवूनही क्लोरीन बराच उडतो. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असे सहज जात नाही. तिथे हायपोच हवा.

शेवटी कडक ऊन. पिंप पालथे नव्हे, तोंड सूर्याकडे करून तीन-चार दिवस ठणठणीत वाळू द्यावे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी आणि इतर कित्येक रोगजंतू पूर्ण सुकण्याने मरतात. परंतु वर्षानुवर्षे उन्हात पडून खडूसारखे पांढरट आणि ठिसूळ झालेले पिंप घेऊ नये. अतिनील किरणांनी त्याचे प्लास्टिकच तुटत चाललेले असते.

कापाकापीबाबत एक इशारा. ज्वलनशील द्रव्याच्या रिकाम्या पिंपात वाफ भरलेली असते. त्यावर ग्राइंडर चालवला तर ठिणगीने स्फोट होतो. माहितीतले, धुतलेले पिंपही कापून झाल्यावर काठ घासावा आणि सगळा बुरा पाण्याने धुऊन काढावा. माशाची पिल्ले तो खाद्य समजून गिळतात.

शेवटचा निवाडा माशाचा

नवे प्लास्टिकसुद्धा थोडेफार सोडते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की प्रयोगशाळेतल्या कोऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांमधून उतरणारी घसरणकारक आणि जंतुनाशक द्रव्ये प्रयोगांचे निकालच बदलून टाकतात. म्हणून नवे असो वा जुने, भांडे काठोकाठ पाण्याने भरून आठवडाभर ठेवावे आणि मधे दोनदा पाणी बदलावे. शेवटच्या पाण्यानंतर थोडे गरम पाणी घालून झाकण रात्रभर लावावे आणि सकाळी हुंगावे. रसायनाचा वास आला तर ते पिंप बाद. वास आला नाही तर ते फक्त पुढच्या परीक्षेला पात्र.

ती परीक्षा ९६ तासांची. विषारीपणा मोजायला शास्त्रज्ञ हीच मुदत धरतात आणि भारताच्या पर्यावरण नियमांतही तिला स्थान आहे : कारखान्याच्या सांडपाण्यात कसलेही पाणी न मिसळता ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. घरी दोन-तीन धडधाकट गप्पी पुरे. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणे, कल्ले ताणलेले असणे, अंगावर दुधाळ श्लेष्मा, सैरावैरा धावणे यांपैकी काही दिसले की मासे लगेच जुन्या पाण्यात हलवावेत. भिंतीत मुरलेले द्रव्य सावकाश उतरते, तेव्हा चार दिवस निभावले तरी पहिला महिना माशांची संख्या थोडीच ठेवावी.

एवढे केल्यावर पिंप जवळजवळ निर्जंतुक होते आणि तेच आता अडचणीचे ठरते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू भिंतींवर, खड्यांवर, स्पंजावर वस्ती करून राहतात. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. आपण क्लोरीन लावला तेव्हा रोगजंतूंबरोबर हेही गेले. त्यांची वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चालत्या टाकीतले मूठभर खडे किंवा न पिळलेला स्पंज आणून टाकला तर हे काम लवकर होते, मात्र ती टाकी निरोगी हवी.

म्हणून मासे रुळल्यानंतर भिंतीवर येणारा तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर खरवडून काढू नये. तळाची विष्ठा नळीने ओढून घ्यावी, आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावा, नळाखाली नव्हे. पिंप लख्ख घासण्याची वेळ मासे सोडण्यापूर्वी एकदाच येते. त्यानंतर रोग शिरला नाही तोवर क्लोरीनची पावडर कपाटातच राहू द्यावी.